शेवटची जुडी

बाइंडरला दोन गोष्टी कधीच जमल्या नाहीत. एक, मनातलं बोलून दाखवणं. आणि दुसरी, गाडीत बायको पुस्तक वाचत असताना गप्प बसून खिडकीबाहेर बघणं.

पहिलीवर औषध सापडलं नाही. दुसरीवर त्याने लग्नानंतर लगेच शोधून काढलं. दोघंही वाचनवेडे, सामानात पुस्तक एकच, आणि गाडी सुटली की ते कुणी धरायचं यावरून अशी जुंपायची की शेजारचे उठून दुसरीकडे जागा बघायचे. शेवटी बाइंडरने आपलीच पुस्तकबांधणीची विद्या कामाला लावली. प्रवासाच्या आदल्या दिवशी तो एक जाडजूड कादंबरी घ्यायचा, तिची शिवण उसवायचा आणि भाजीच्या असाव्यात तशा बारीक जुड्या करायचा. बायको झरझर वाचणारी, म्हणून प्रत्येक जुडी आधी तिला. तिची झाली की त्याला. घरी परतलं की सगळं पुन्हा शिवून वर नवं कव्हर.

पुढचं सांगायचं नाही, हा नियम. पण चेहरा थोडाच झाकता येतो? बायको वाचता वाचता खुदकन हसली की बाइंडरचे कान टवकारायचे. ते हसू अजून आपल्या वाट्याला यायचंय, या आनंदात हातातलं पानसुद्धा त्याला जास्त गोड लागायचं. खरं सांगायचं तर तो निम्मी कादंबरी तिच्या तोंडावरच वाचायचा.

यंदाचा प्रवास मात्र वेगळा होता. लेकीला बाळ झालं होतं, जावई सतत फिरतीवर. बायकोने चांगल्या तीन मोठ्या पिशव्या भरल्या. थंडीचे कपडे, जादा चष्मा, रोजची उशीसुद्धा! आणि भरता भरता म्हणाली, "मी आता तिकडेच राहीन म्हणते. तुम्ही येऊनजाऊन असा."

बाइंडर म्हणाला, "बरं."

बरं! जन्माची सोबतीण घर सोडून निघाली, आणि हा गृहस्थ म्हणतो बरं! पुढे तोंड उघडेल तर शपथ. त्याने आपलं खाली मान घालून कादंबरी उसवायला घेतली. वाचनालयाने रद्दीत काढलेली, बाजारात कुठेही न मिळणारी जुनी कादंबरी.

गाडी सुटली, खिडकीतून वारा आला आणि पहिली जुडी बायकोच्या हातात गेली. समोरच्या बाकावर एक मास्तरीणबाई होत्या. त्यांनी डोळे वटारले.

"पुस्तक फाडलंत की काय?"

"फाडलं नाही हो, उसवलंय," बाइंडर दुखावून म्हणाला. "परत शिवणार आहे."

मास्तरीणबाईंनी थोडा वेळ नाक मुरडलं. मग बाइंडरची वाचून झालेली जुडी बाकावर पडली, ती त्यांनी सहज चाळायला घेतली आणि तिथेच फसल्या. दुपारपर्यंत डब्यात रीतसर रांग लागली होती. आधी बायको, मग बाइंडर, मग मास्तरीणबाई. स्टेशनं येत होती, जात होती, कुणाला पत्ता नव्हता. चहा गार झाला. मध्येच बायकोचे डोळे भरून आले, तेव्हा उरलेले दोघं आपापल्या पानांवरून घाईने पुढे सरकू लागले.

कादंबरीतला हरवलेला भाऊ अखेर दारात येऊन उभा राहिला. बहीण कडी काढते आहे, आणि जुडी संपली.

"द्या पुढची," बायकोने न बघताच हात पुढे केला.

बाइंडरने पिशवी चाचपली. मग उपसली. मग त्याचा चेहरा पांढरा पडला. शेवटच्या पानाचा कोपरा फाटला होता. त्याला काल संध्याकाळी कागदाची पट्टी चिकटवली होती, आणि वाळेपर्यंत चुरगळू नये म्हणून ती जुडी दुकानातल्या शिकंज्याखाली दाबून ठेवली होती. ती तिथेच होती, छान सपाट होत. त्याने ते कसंबसं सांगितलं.

"अरे देवा!" मास्तरीणबाई ओरडल्या. "मग आता? तुम्ही परत कोणत्या गाडीने जाणार ते सांगा. मी त्याच गाडीने येते."

"हे एकटेच जाणार आहेत," बायको म्हणाली. "मी नाही."

बायकोने नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"मुद्दाम ठेवलीत ना? मी परत यावं म्हणून?"

"नाही गं. खरंच विसरलो. मला एवढी अक्कल असती तर..."

"तर काय?"

बाइंडरने उपसलेल्या पिशवीत पुन्हा हात घातला. कान लाल झाले.

"तर मुद्दाम ठेवली असती. तुझ्याशिवाय मला घर खायला उठेल."

एवढं लांबलचक वाक्य त्याने लग्नातही उच्चारलं नव्हतं. बायको खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती शेतं. मग तिने पदराने नाक पुसलं.

"हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"घरी पोहोचलो की ती जुडी पोस्टाने पाठवू का?" त्याने विचारलं. जीव तुटत होता, पण तिला शेवटाशिवाय ठेवणं त्याला बघवेना.

"खबरदार पाठवलीत तर!" बायको कडाडली. "बाळ जरा बसायला लागू दे, मग थंडीच्या आत येते मी. तोवर ती शिकंज्याखालून काढायचीसुद्धा नाही. चोरून वाचलीत तर मला तोंडावरून कळेल."

ती उठली. तिने तीन पिशव्यांतली थंडीच्या कपड्यांची ओढली आणि त्याच्या मांडीवर आदळली.

"ही परत न्या. उगाच ओझं."

"आणि माझं काय?" मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं.

"तुमचा पत्ता देऊन ठेवा," बायको म्हणाली. "आधी मी, मग हे, मग तुम्ही."

लेकीचं स्टेशन येईपर्यंत बाइंडर ती पिशवी मांडीवर घेऊनच बसला होता.