टेकण्यापुरती वीट

छिन्नीचा पहिला घाव बसला आणि सिमेंटचा पापुद्रा ताटाएवढा सुटून माझ्या पायाशी पडला. त्यामागची वीट कोरडी निघावी, एवढेच मी मनोमन मागत होतो. मी बोट लावले. भिजलेल्या कणकेत जावे तसे ते आत गेले.

अंगणात खाटेवर बसलेल्या पत्नीने विचारले, "कशी आहे आतून?"

"बघतोय," मी म्हणालो.

ही वीट भट्टीत भाजलेली नव्हती. जागेवरच्याच मातीत थोडा चुना कालवून, विटा पाडायच्या हातयंत्राच्या दांड्याने दाबून, सावलीत वाळवून ती मी स्वहस्ते घडवली होती. हयातभर दुसऱ्यांची घरे बांधणारा मी गवंडी. ही विद्या मला एका इंजिनिअरबाईंनी दिली. पत्नीला दम्याचा विकार. आमच्या आधीच्या पत्र्याच्या खोलीत दुपार झाली की तिची छाती भात्यासारखी हलू लागे. बाईंनी समजावले होते की मातीची जाड भिंत उन्हाला बाहेरच थोपवते आणि जमिनीतून चढणारी ओल वाऱ्याला देऊन टाकते. मात्र तिला बाहेरून चुन्याखेरीज काहीही फासू नये. नव्या घरात पहिल्याच दुपारी पत्नी मागच्या भिंतीला पाठ टेकून बसली आणि बसल्या जागी झोपली. पुढे तीच तिची जागा ठरली. तिच्या डोक्याच्या तेलाचा काळसर डाग तेथे उमटला. तो मी कधी पुसू दिला नाही.

त्याच भिंतीची बाहेरची बाजू थोरल्या भावाच्या दाराकडे होती. तो येता-जाता विचारी, "काय रे, वारूळ तर झालं, नागोबा कधी येतोय राहायला?" मी हसण्यावारी नेत असे. पत्नीला ते साधले नाही. मी परगावी कामाला गेलो असता तिने थोरल्या भावालाच गळ घालून ती बाजू सिमेंटने गुळगुळीत करून घेतली. बाईंचा इशारा तिला ठाऊक नव्हता. मी परतलो तेव्हा पावसाळा सरला होता, ओल आतच कोंडली होती आणि भिंतीला पोट सुटले होते.

माध्यान्हीपर्यंत अर्धे सिमेंट उतरले. खालचे थर चिखल झाले होते. भाऊ टेकूसाठी दोन वासे घेऊन आला. ते त्याने भिंतीशी उतरवले.

"पोरीसारखी आहे रे ती मला. म्हणाली, करून द्या, म्हणून केलं," तो म्हणाला. वारुळाची आठवण दोघांनीही काढली नाही.

छप्पर अंगावर येण्याआधी भिंत आपणच उतरवावी, असे ठरले. नवी भिंत उभी राहीतोवर भावाच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे होते. तोवर म्हणजे कधीपर्यंत, हे त्याने विचारले नाही. विटांच्या यंत्राचा दांडा ओढण्याइतके बळ माझ्या उजव्या खांद्यात उरलेले नाही, हे त्याला माहीत होते.

पत्नी खाटेवरून उठून जवळ आली.

"माझ्यामुळं झालं ना हे?"

"जमिनीलाच ओल जास्त आहे."

"अहो, मला नका शिकवू. बाकीच्या भिंतींना हात लावून बघितलंय मी, कोरड्या आहेत त्या."

मी छिन्नी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

सायंकाळी भिंत आडवी झाली. वरच्या थरातील थोड्या विटा शाबूत निघाल्या. तेलाचा डाग असलेली वीट त्यांत होती. ती मी उपरण्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाच्या खोलीत उन्हाने पत्रा कडकड वाजू लागला आणि पत्नीची छातीही वाजू लागली. वहिनी पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. मी पत्नीच्या पाठीमागे लोखंडी पेटी सरकवली, तीवर ती वीट उभी केली. पत्नीने डोके मागे टेकले, नेमके डागावर. डोळे मिटले.

"अजून गार आहे बघा," ती धापेतच म्हणाली.

मी विटेवर तळहात ठेवला. पत्र्याच्या झळीने ती केव्हाच तापली होती.

"हो," मी म्हणालो, आणि हात तसाच राहू दिला.