फुंकर

“लांब हो, माझ्या रक्ताला शिवू नकोस!” सुरीने स्वतःचं बोट कापलं की आई लहानग्या मला ओरडायची. मला खरचटलं, की मात्र हळूच फुंकर घालायची.

आज दवाखान्यात सिस्टरने माझ्या बोटाचं रक्त जाड कागदावरच्या गोलांत टिपलं. रक्तातून पसरणारी कावीळ माझ्या पोटातल्या बाळाला लागू नये, म्हणून ही तपासणी. सोबत आलेली आई सवयीने ओल्या ठिपक्यांवर फुंकर घालायला वाकली.

“अहो आजी, फुंकू नका! त्यांचे ते वाळू देत,” सिस्टर म्हणाली. “घरात कुणाला आहे का ही कावीळ?”

“छे, कुणालाच नाही,” मी म्हटलं.

ठिपके काळपट होत गेले. आईची नजर त्यांवरून हलेना. मग तिने स्वतःचं बोट पुढे केलं.

“मला आहे गं. तू पोटात होतीस तेव्हापासून.”