शिंप्याच्या टेबलाचा कोपरा

सुताराचा साडू पेशाने शिंपी. कात्री सोडून रंधा धरायचं त्याला काही कारण नव्हतं. पण बायकोने जेवणाचं टेबल मागितलं आणि या गृहस्थाने ते विकत न आणता स्वतः बनवलं. बनवलं ते बनवलं, वर चांगलं बनवलं. सुताराच्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं. त्यात सुताराची बायको धाकट्या बहिणीकडे गेली तेव्हा त्या टेबलावरून हात फिरवून म्हणाली, "अहो, काय गुळगुळीत आहे." नवऱ्याने केलेल्या पलंगावर जन्मभर निजून तिने 'करकरतो' याखेरीज अवाक्षर काढलं नव्हतं.

त्यामुळे नवा फ्रिज आत नेताना हमालांनी त्या टेबलाचा कोपरा उडवला, ही बातमी सुताराने अत्यंत दुःखी चेहऱ्याने ऐकली. पुन्हा सांगायला लावून दोनदा ऐकली.

"दादा, तुम्हीच बघा," साडू म्हणाला. "घरात सुतार असताना मी कशाला लुडबुड करू?"

"बनवताना नाही सुचलं ते," म्हणत सुतार खिळे शोधायला टेबलाखाली शिरला. एकही खिळा नव्हता. सांधे असे बसलेले की नख जाईना. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड कडू झालं होतं.

काम तसं सोपं. फुटलेली कड कापून काढायची, त्याच रंगाचा, त्याच रेषांचा तुकडा सरस लावून बसवायचा. पण असलं काम उत्तम झालं की दिसतच नाही. म्हणजे घाम सुताराचा आणि वाहवा शिंप्याची. मुद्दाम वाईट करावं, तर नाव कुणाचं जाणार? शेवटी त्याने मधला मार्ग काढला. फिकट टेबलाला काळ्याभोर शिसवाचा तुकडा, तोही पानाच्या आकाराचा. दारातूनच दिसला पाहिजे. कौतुक ऐकायची घाई एवढी, की सरस पुरता वाळायच्या आतच त्याने तुकडा दाबून धरणारा शिकंजा सोडला.

"अगबाई, भावजी, दागिनाच घातलात की," मेहुणी म्हणाली. सुतार शीळ घालत घरी गेला.

पुढच्या खेपेला दोघं जेवायला गेले, तर चारही कोपऱ्यांवर काळी पानं.

"कोटाच्या एका कोपराला ठिगळ लावलं की दुसऱ्यालाही लावतो आम्ही," शिंप्याने खुलासा केला. "बघणाऱ्याला वाटतं, फॅशनच आहे. तुमचंच पान कागदावर गिरवून घेतलं, दादा."

त्यापायी या माणसाने धडधाकट तीन कोपरे कापले होते. आपलं पान सुताराने बसल्या जागीच ओळखलं. ते त्याच्या पुढ्यातच होतं आणि देठाशी केसभर फट होती. बाकीच्या तिन्हींना नव्हती.

"अहो, यातलं तुमचं कोणतं?" बायकोने विचारलं.

सुताराने घसा खाकरला आणि खिडकीकडच्या, सगळ्यांत सुबक पानाकडे बोट केलं. "ते."

"वाटलंच मला. बाकीच्यांना ती सफाई नाही."

साडू पेल्यांत पाणी ओतत होता. त्याचा हात जरासा थांबला. "हो, तेच," तो म्हणाला. "दादांच्या हाताची सर आम्हाला कुठली?"

इतकी वर्षं हवं होतं ते कौतुक सुताराच्या पदरात पडलं, तेही साडूच्या मेहरबानीने. त्याने खोटं पकडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मेला चांगुलपणातसुद्धा पुढे, असं मनात म्हणत सुताराने आपलं ताट हळूच त्या फटीवर सरकवलं.