मी, कधीच न उघडलेली पेटी

मी नवजात बाळांना ऊब देणारी पेटी बोलतेय. हात लावायला याल तर सापडणार नाही. मी आहे संगणकात, नुसत्या गणितांची. खऱ्या पेटीत काय काय बिघडू शकतं, ते आधी माझ्यात बिघडवून बघतात.

माझा जन्म तीन देशांत झाला. हीटर एका देशातल्या मंडळींनी रचला, आतली हवा दुसऱ्या देशात, बाळ तिसऱ्यात. हो, बाळही गणिताचंच. वजन दीड किलो, रडणं शून्य. दर मंगळवारी सगळे पडद्यावर भेटत. एकाचा नाश्ता चालू, दुसऱ्याचं जेवण, तिसऱ्याचं लक्ष घरी निघण्याकडे. आपापला तुकडा नीट चालतोय असं प्रत्येक जण सांगे, बाकीचे माना डोलावत. दुसऱ्याच्या तुकड्यात नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा सभ्यपणा.

बाळाचं गणित मांडणारी बाई नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती. सगळे तिला शंकाताई म्हणत. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून दोनदा परत जाणारी. शुक्रवारी हीटरचा प्रोग्रॅम खऱ्या पेट्यांत घालायला पाठवायचा ठरला, तेव्हा ती दोनदा तोंड उघडून गप्प बसली. मग आधी माफी मागून तिनं विचारलं, पेटीची हात आत घालायची खिडकी उघडली तर काय होतं, हे कुणी गणितात धरलंय का?

हवावाल्यांना वाटलं होतं, हीटरवाल्यांनी धरलं असेल. हीटरवाल्यांना वाटलं होतं, बाळवाल्यांनी. म्हणजे तिनंच.

"पण पेटी बंदच असते ना?" या सगळ्यांचे प्रमुख असलेले प्रोफेसर म्हणाले.

"सर, माझी लेक नऊ दिवस होती पेटीत. मी तासातासाला हात आत घालत होते. बंद कुठली राहतेय?"

त्यांनी पहिल्यांदाच माझी खिडकी उघडून पाहिली. बाळ गारठलं. हीटर घाबरून जोरात पेटला आणि खिडकी लावल्यावरही आवरेना. बाळ तापत गेलं.

शुक्रवार रद्द झाला. पुढचे सहा आठवडे हीटरवाला आपलं गणित तिच्यापुढे मांडून बसे आणि विचारे, "ताई, अजून कुठे शंका?" तिला असायचीच.

आता खऱ्या पेट्या इस्पितळांत पोचल्यात. माझंही बरं चाललंय. दिवसातून चारशे वेळा खिडकी उघडतात, बाळ उबेत असतं. तुमचं पिल्लू कधी अशा पेटीत असलं, तर नर्सताईंना विचारा, हात धुवा आणि खुशाल आत घाला. तो हात आम्ही धरलाय गणितात.