बजाबाईची बुट्टी

बजाबाईचं तोंड एकदा सुटलं की थेट कुंभारी गावापर्यंत ऐकू जातं, असं वस्तीवर म्हणतात. त्या भादव्यात ते सुटलं ते मिटलंच नाही. आणि का मिटावं? एका वर्षात तिसऱ्यांदा ती आणि तिचा नवरा गुंडा वस्तीचं तळं साफ करत होते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जलपर्णी उपसायची, काठावर ओढायची, वाळवून पेटवायची. महिन्याभरात मेली पुन्हा हजर! वर जांभळी फुलं मिरवत, जणू हिच्याच घरी लग्न आहे.

तळ्यावर ती गादी पसरली की खाली मासा गुदमरतो. जाळं टाकावं तर हाताला मुळ्यांचे झुपके. म्हणून गेल्या वर्षी मत्स्य खात्यानं माशाची पिल्लं सोडलीच नाहीत. यंदाही नाही सोडली, तर साठीतल्या गुंडाला जाळं गुंडाळून एमआयडीसीत टॉवेलचे गठ्ठे उचलायला जावं लागणार होतं. खात्याचे अमरेश साहेब गुरुवारी येणार होते. "पाणी मोकळं करून ठेवा, पिल्लांची गाडी घेऊनच येतो," असा त्यांचा निरोप होता.

"ह्यो समदा सयाजीच्या म्हशींचा परताप," बजाबाईनं केव्हाच निकाल देऊन टाकला होता. "कुटल्या कुटल्या डबक्यात लोळत्यात आन् अंगाला ही घाण चिकटवून आणत्यात."

सयाजी शेजारचाच. गरीब माणूस. "वैनी, माझ्या म्हशी ह्या तळ्याबिगर कुटं जात न्हाईत वो," एवढंच म्हणाला. पण बजाबाईपुढं कुणाचं चाललंय? त्याच्या चार म्हशींना तळं बंद झालं ते झालंच. महिनाभर बिचारा लांबच्या विहिरीवरून घागरी वाहत होता. वर सफाईला त्यालाच पाण्यात उतरवलं, आणि तोही मुकाट उतरला.

बुधवारी दुपारी शेवटचा भारा काठावर आला. कितीतरी दिवसांनी तळ्यात आभाळ दिसलं.

गुरुवारी सकाळी बजाबाई काल घाईत धुतलेली मासळीची बुट्टी, म्हणजे विणलेली टोपली, पुन्हा घासायला नेहमीच्या दगडावर बसली. आपल्या तळ्यात मासळी नाही, म्हणून गेली दोन वर्षं ती शहरातल्या एका तळ्यावरून विकत आणायची आणि कारखान्यांच्या फाटकाशी कामगारांना विकायची. त्याआधीही दर उन्हाळ्यात, आपलं पाणी खाली गेलं की हेच. मासळी गार राहावी म्हणून तिथलाच ओला पाला मूठ-दोन मूठ उपटून वर झाकायचा, आणि संध्याकाळी इथं येऊन बुट्टी खळखळून धुवायची. तिची सासूही असंच करायची.

विणीत काहीतरी अडकलं होतं. तिनं नखानं ओढून काढलं. फुगीर देठाची दोन पानं, आणि खाली काळ्या मुळ्यांची शेपटी.

पाला जलपर्णीचाच असतो हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण उपटलेला पाला उगवतोय होय कुठं! तिनं दगडाखाली वाकून पाहिलं. काल दुपारी साफ केलेल्या पाण्यात तसलीच तीन रोपटी डुलत होती. काल संध्याकाळी बुट्टी धुताना सुटलेली.

"आगं बजे, आगं रांडं!" तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. अंगाचा नुसता भडका उडाला होता, आणि शिव्या द्यायला समोर कुणी नव्हतं. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. तिनं रोपटी उचलून ओटीत कोंबली.

अमरेश साहेबांनी तळ्याला एक फेरी मारली. "पाणी झकास झालंय. पण ही येते कुठून, ते सापडलं का? नाहीतर पुन्हा माजेल आणि माझी सगळी पिल्लं मरतील. ते कळल्याशिवाय मी एक पिशवी सोडणार नाही."

गुंडानं सयाजीकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. सयाजीनं मान खाली घातली.

"म्हशी इकून टाकतो, सायेब," तो म्हणाला. "पिल्लं तेवढी सोडा."

बजाबाईच्या ओटीतून पाणी ठिबकत होतं.

"तू गप रं!" ती कडाडली. तिनं ओटी झटकली, रोपटी साहेबांच्या बुटांवर पडली. त्यावर तिनं बुट्टी आपटली. "ह्यातनं येतीया! मीच आणलीया, रोजच्या रोज, डोक्यावर घिऊन! आन् ह्या हातांनीच उपसतीया!"

साहेब खाली वाकले, एक रोपटं उलटंपालटं करून पाहिलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "यापुढं ओल्या गोणपाटानं झाका. आणि बुट्टी तळ्यापासून लांब धुवायची," म्हणाले, आणि ड्रायव्हरला पिशव्या उतरवायला सांगितलं.

पिशव्यांची तोंडं सुटली. बोटाएवढी पिल्लं पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली. सगळे पाण्याकडं बघत होते. सयाजी तेवढा मागं, रिकामी घागर धरून उभा होता.

चुकलं म्हणणं बजाबाईच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. तिनं जाऊन त्याच्या हातातली घागर हिसकावून घेतली.

"खांबावानी हुबा काय ऱ्हायलायस?" ती खेकसली. "जा, म्हशी घिऊन ये की पाण्यावर. तान्हेल्या असत्याल."