नळ्यांसकट फेरफटका

ती डॉक्टर. तिच्या मामाला सगळे शिट्टीमामा म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्याने फुटबॉलच्या मैदानावर पंचगिरी करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतरही घरात दोघांची जुंपली की हा हात वर करून निकाल देऊन मोकळा. असा धडधाकट माणूस न्यूमोनियाने बघता बघता आडवा झाला. भाची ज्या रुग्णालयात डॉक्टर होती, तिथल्याच आयसीयूत त्याच्या घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं.

भाचीला गेली काही वर्षं एकाच प्रश्नाने पछाडलं होतं. अशा जबर आजारातून वाचलेल्या कित्येकांना पुढे स्वतःच्या घराचा जिनाही का चढवत नाही? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला गुंगीत निजवून ठेवायचं, अशी तिच्या रुग्णालयातली रीत. तिला वाटे, गुंगी कमी केली आणि यंत्र सोबत ढकलत माणसाला लवकर उठवलं, चालवलं तर? पण नुसतं वाटून काय उपयोग, ते सिद्ध करायला हवं. म्हणून चार रुग्णालयांना सोबत घेऊन तिने अभ्यास सुरू केला होता. घरच्यांनी परवानगी दिली की संगणक चिठ्ठी काढायचा. कुणी निजायचं, कुणी उठायचं, ते त्या चिठ्ठीवर. तिथे कुणाचा वशिला चालत नसे, खुद्द तिचाही नाही.

मामा घरचाच, म्हणून त्याच्या उपचारांतून ती बाजूला झाली. सहकारी डॉक्टरने तिच्या आईला, म्हणजे मामाच्या धाकट्या बहिणीला, अभ्यासाबद्दल समजावून सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि सही न करता लेकीला जिन्यापाशी गाठलं.

"खरं सांग, दादासाठी काय चांगलं? निजणं की उठणं?"

"मला माहीत नाही, आई."

"एवढं शिकलीस आणि माहीत नाही?"

"अजून कुणालाच नक्की माहीत नाही. मला एक वाटतं, पण ते चुकीचं ठरू शकतं. माहीत असतं तर चिठ्ठी कशाला काढली असती? तू नाही म्हणालीस तरी त्याच्या उपचारांत काही कमी होणार नाही. आणि हो म्हणून नंतर मन बदललं, तरी कुणी तुला जाब विचारणार नाही."

आई जिन्यापासून माघारी वळली.

"तू मला गोड गोड बोलून पटवलं असतंस ना, तर मी नाहीच म्हणाले असते," ती म्हणाली आणि सही करायला गेली.

चिठ्ठी निघाली: उठायचं.

पहिल्या सकाळी मामाला नुसतं पलंगाच्या कडेला बसवलं. दुसऱ्या दिवशी चालायचं ठरलं. फिजिओथेरपिस्ट अंगापिंडाने एवढा भक्कम की सगळे त्याला पैलवानच म्हणत. त्याने मामाच्या कमरेला पट्टा बांधला, एका नर्सने व्हेंटिलेटर धरला, दुसरीने मागे चाकांची खुर्ची ठेवली, आणि ही वरात आयसीयूच्या मधल्या वाटेने टोकाच्या खिडकीकडे निघाली. मायलेकी काचेच्या दाराबाहेर उभ्या. आईने लेकीचं मनगट असं आवळलं होतं की बोटं वळ उठवून गेली.

मामाने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. खिडकीपर्यंतची निम्मी वाट सरली तोच मॉनिटर टिटिट करू लागला. ऑक्सिजन उतरला होता. पैलवानाने क्षणात त्याला खुर्चीत बसवलं.

"बास झालं," आई म्हणाली. "त्यांना सांग, निजवा त्याला."

"मी काही सांगू शकत नाही, आई. तू सांगू शकतेस. जा, आत जा."

आई आत गेली. नळीमुळे मामाला बोलता येत नव्हतं, पण बहिणीला बघताच त्याने दोन्ही हात पुढे झोकून मैदानावरची खूण केली: खेळ चालू ठेवा. मग पैलवानाकडे रोखून पाहत, नसलेल्या खिशातून नसलेलं पिवळं कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं. नर्सेस खो खो हसल्या. आईने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, ते बाहेरून कळेना. जराशाने आकडे सावरले आणि मामा खिडकीपर्यंत जाऊन आला.

पुढे तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. भाचीचा आनंद मनात मावत नव्हता, तरी ती स्वतःला बजावत राहिली की एका मामावरून काही सिद्ध होत नाही. उठणाऱ्यांतलेही काही जण वाचले नव्हते, आणि निजणाऱ्यांतलेही काही ठणठणीत होऊन गेले होते.

शेवटच्या पेशंटचीही माहिती हाती आली, तेव्हा अभ्यासाच्या सांख्यिकीतज्ज्ञाने तिला बोलावलं. त्याला सगळे आकडेपंडित म्हणत. कोण कुठल्या गटात होतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पडद्यावर दोनच नावं होती, अ आणि ब.

"मृत्यू दोन्हीकडे साधारण सारखेच," तो म्हणाला. "पण वाचलेल्यांत कोण आपल्या पायांनी घरी गेलं ते बघा. ब गट कुठच्या कुठे पुढे आहे."

तिने खुर्ची पुढे ओढली. "आणि ब म्हणजे निजणारे असले तर?"

"तर तुम्ही इतकी वर्षं चुकत होतात. उघडू?"

"उघडा."

त्याने कळ दाबली. ब म्हणजे उठणारे.

ती खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. "परत एकदा तपासा."

त्याने तपासलं. तेच आलं. कधी नव्हे तो आकडेपंडितही हसला. "बाहेर जा आणि काय ओरडायचं ते ओरडून या," तो म्हणाला. "इथे मला काम आहे."

ओरडायच्या ऐवजी तिने आईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे दादाला चांगली चिठ्ठी लागली," आई म्हणाली. मग थांबून, "आणि ज्यांना नाही लागली?"

लेकीचा उत्साह क्षणभर अडखळला. "त्यांच्याशिवाय हे कळलंच नसतं, आई. पुढे कुणाला निजायची चिठ्ठी लागणार नाही, ते त्यांच्यामुळेच."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? जा की."

ती जवळजवळ धावतच आयसीयूत पोहोचली. विभागप्रमुखांनी आकडे वाचले, दोन आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि होकारार्थी मान हलवली. कोपऱ्यातल्या पलंगावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई गुंगीत होत्या. त्यांच्या मुलाशी बोलणं झालं, गुंगीचं औषध हळूहळू कमी केलं. दुपारी पैलवानाने त्यांना आधार देऊन कडेला बसवलं. बाईंनी डोळे किलकिले केले, आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांचे पाय पलंगाखाली सपाता शोधू लागले.