सहा पायांचा

मांडवगण फराट्याच्या पोपटरावांचा उजवा पाय घोट्यापर्यंत सडला होता आणि त्यातले जंतू कुठल्याच औषधाला जुमानत नव्हते. दौंडच्या डॉक्टरांनी गुरुवारपर्यंतची मुदत दिली; नंतर पाय कापायचा.

त्यांची लेक ज्ञानेश्वरी शिरूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होती. जंतूंनाही मारणारे विषाणू असतात आणि घाण पाण्यात ते सापडतात, एवढ्या एका आशेवर ती तग धरून होती. तसा मिळाला तर पुण्याचे एक डॉक्टर जखमेवर वापरून बघायला तयार होते. तिनं वडिलांना कागदावर चित्र काढून दाखवलं. काही विषाणू गोल, काही नुसत्या काड्या. पण हा न्यारा. वर पैलू पाडलेलं डोकं, खाली नळीसारखी शेपटी, तिला सहा बारीक पाय. पाय रोवून जंतूवर बसतो आणि डोक्यात गुंडाळलेला धागा नळीतून आत सोडतो. मग आत तसलेच शेकडो तयार होतात आणि जंतू फुटतो.

"सहा पायांचा हाय व्हय," पोपटराव म्हणाले. "मग माझा एक वाचवंल की."

गावच्या नाल्याचं पाणी शिरूरला पोचवलं हौसरावनानांनी. नाना तिचे धाकटे चुलते, वीस वर्षं ग्रामपंचायतीचं पाणी सोडणारे. कॅनला वास जरा कमीच होता, पण घाईत तिनं लक्ष दिलं नाही. जखमेतले जंतू बशीत वाढवून तिनं त्यावर ते पाणी टाकलं. विषाणू असता तर जंतूंच्या सायीला भोकं पडली असती. दोनदा बघितलं, साय अखंड. बुधवारी तिनंच दौंडला फोन करून काही सापडलं नाही म्हणून कळवलं.

गुरुवारी पाय गेला.

शनिवारी खाटेजवळ नाना हळहळत म्हणाले, "म्या तर मूठभर टीसीएल टाकून, तासभर निवळूनच पाणी दिलं व्हतं. दादाच्या जखमेला लागायचं, तसंच घाण कसं द्यायचं?"

टीसीएल म्हणजे टाकीत टाकायची जंतुनाशक पावडर; तिनं पाण्यातले विषाणूही मरतात. ती टाकल्याशिवाय नानांनी वीस वर्षांत कुणाला पाणी दिलं नव्हतं. टाकू नका, हे सांगायचं ज्ञानेश्वरीच्या मनातही आलं नव्हतं. त्याच दुपारी ती स्वतः नाल्यात उतरली. सोमवारी बशीत भोकं दिसली. एकोणीस.

बशी तिनं कुणाला दाखवली नाही. दौंडला गेली तेव्हा नाना भावाचा उरलेला पाय चेपत बसले होते.

"तुझं ते सहा पायांचं मागनं तरी घावलं का गं?" त्यांनी विचारलं. पोपटरावही तिच्याकडे बघायला लागले.

"न्हाई, नाना," ती म्हणाली. "आपल्या नाल्यात नव्हतंच ते."